आठ वर्षं, दोन महिने

शिर्के काकांपुढे बसलेल्या माणसाला ते तीन प्रश्न विचारायचे. पहिला, "किती येतात?" दुसरा, "किती जातात?" या दोन्हींची उत्तरं कागदावर मांडून झाली की मान खाली घालून, माणसाकडे न बघता, तिसरा. "आणि काय लपवतोस?" समोर रेल्वेत काल लागलेला खलाशी असो की त्यांच्याच खात्याचा साहेब, तिसरा प्रश्न कुणाला चुकला नाही. साहेबाला फक्त "लपवता" म्हणायचे, एवढाच काय तो मान.

निम्मे लोक इथेच गारद व्हायचे. कुणी बायकोच्या नकळत मेव्हण्याला जामीन राहिलेला असायचा, कुणी पतपेढीतून दुसरी उचल घेतलेली असायची. मग काका पहिला कागद फाडून दुसरा घ्यायचे. "डॉक्टरपुढे सदरा काढतोस ना? मग माझ्यापुढे कसली लाज?" म्हणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

काका गेले त्याला आता महिना होईल. त्यांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी कुकर लावला होता. शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळ करपली. माझं तोंड कसं आहे ते घरच्यांना माहीत आहे, आणि त्या दिवशी ते बंद होतं म्हणजे काहीतरी मोठं झालं असणार हेही त्यांना कळलं.

बडोद्याला प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये त्यांचं दार आमच्या दाराला लागून होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, वर्कशॉपात फिटर. काका तिथेच स्टोअरमध्ये. दोघं एकाच सुमाराला लागलेले, सायकलीही एकाच दुकानातून घेतलेल्या. काका उंच, हडकुळे, आणि त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा सतत त्याच हाताच्या बोटांच्या पेरांवर फिरत असायचा. जेवताना, देवळात, मयतीला चालतानासुद्धा. काकू चिडायच्या, "अहो, निदान आरतीला तरी टाळ्या वाजवा!" पण तो अंगठा काही थांबायचा नाही.

स्टोअरमध्ये नटबोल्टांची पोती यायची. ते मोजत कोण बसणार? काका दहा नट तराजूत टाकायचे, मग पोतं तोलायचे आणि आकडा सांगायचे. अंदाजे एवढे. एकदा कुणा नव्या साहेबानं हट्टानं पोतं मोजायला लावलं. दोन माणसं अख्खा दिवस मोजत बसली आणि फरक निघाला अकरा नटांचा. तेव्हापासून वर्कशॉपात त्यांचं नाव 'अंदाजे' पडलं. त्यांना राग नव्हता. मला गणितात नववीत भोपळा मिळाला तेव्हा त्यांनी शिकवलं ते हेच. "मीने, आधी अंदाज बांध, मग हिशोब कर. अंदाज चुकला तर थोडा चुकतो. नुसता हिशोब चुकला तर एका शून्यानं चुकतो, आणि तुला पत्ताही लागत नाही."

रविवारी सकाळी ते पायरीवर बसायचे. मांडीवर लाकडी फळी, फळीवर जुन्या कॅलेंडरची मागून कोरी पानं. स्कूटर हप्त्यानं घ्यावी की थांबावं, मुलीच्या फीसाठी सोनं मोडावं की कर्ज काढावं, असलं सगळं त्या पायरीवर ठरायचं. आईला त्यांनी गॅसच्या सिलिंडरवर खडूनं तारीख लिहायला शिकवलं. पुढचा सिलिंडर किती दिवसांनी संपला ते बघून आई घरात पाहुणे जास्त झाले की नवऱ्याचं चहापाणी, ते बरोबर ओळखायची.

एकदा मांडवीच्या बाजारात आईबरोबर मी आणि काकू साडी घ्यायला गेलो. काका पिशव्या धरायला. दुकानाबाहेर पाटी: पन्नास टक्के सूट, वर आणखी वीस टक्के. दोन हजारांची साडी. आईनं मनातल्या मनात सत्तर टक्के उडवले आणि सहाशे काढून हातात धरले. दुकानदारानं मागितले आठशे. आईचा चेहरा पडला. काका पुढे झाले. "भाई, आ सित्तेर टका नथी, साठ छे." दुकानदार हसला, "काका, में क्यां सित्तेर कह्युं?" "तमे नथी कह्युं, पण बेन तो एम ज समज्यां ने?" मग तिथेच गिऱ्हाइकांसमोर त्यांनी आईला समजावलं. आधी दोन हजारांचे हजार झाले. वीस टक्के त्या हजारावर, दोन हजारांवर नव्हे. म्हणजे दोनशेच सुटले. आजूबाजूच्या चार बायका ऐकत होत्या. दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, तमे हवे चा पीओ ने बेसो." आईनं साडी आठशेला घेतलीच. रंग पिस्ता होता, तिला फार आवडायची.

एकदा डभोईकडचा एक एजंट क्वार्टर्समध्ये आला. तीन वर्षांत पैसे दुप्पट. काकांनी त्याला बसवलं, चहा दिला, आणि म्हणाले, "बहात्तरला तीननं भागा बघू." तो गोंधळला. "चोवीस," मी आतून ओरडले. "बहात्तरला वर्षांनी भागलं की व्याजाचा दर. चोवीस टक्के," काका म्हणाले. "म्हणजे तुमच्या शेठनं निदान तीस तरी कमवायला हवेत. कशात कमावतात?" तो म्हणाला, "ए तो मोटा माणसोनुं काम, काका." काकांनी पेन्सिल कानामागे खोचली. "आणि काय लपवता?" अर्धा कप तसाच टाकून तो उठला.

तरी क्वार्टर्समधल्या दोन घरांनी त्याला पैसे दिलेच, आणि ते बुडाले. दुसरं कुणी असतं तर मी सांगत होतो, मी सांगत होतो करत फिरलं असतं. काका पंधरा दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. "त्या दोन घरी मी स्वतः जायला हवं होतं," म्हणायचे. "ते पायरीवर आले नाहीत म्हणून मी सोडून दिलं." त्यांचा काय संबंध? पण स्वभाव असा. कुणाचंही उत्तर चुकलं तरी ते स्वतःचीच मांडणी तपासायचे.

आता मला सांगायचंय ते आप्पांच्या रिटायरमेंटचं.

रेल्वेत माणूस रिटायर झाला की त्याला आपल्या पेन्शनचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग सरकारला विकता येतो. एकरकमी पैसे हातात येतात आणि मग पंधरा वर्षं तेवढी पेन्शन कापली जाते. बहुतेक सगळे विकतात. आप्पांनाही विकायची होती, कारण क्वार्टर सोडावं लागणार होतं आणि शहरातच हरणीला एका सोसायटीत दोन खोल्यांचा फ्लॅट त्यांनी बघून ठेवला होता. पीएफ काढून काढून संपत आला होता, ग्रॅच्युइटी माझ्या लग्नात आणि पतपेढीच्या कर्जात जाणार होती. पेन्शन विकल्याशिवाय फ्लॅट होणं शक्य नव्हतं. आईनं तर स्वयंपाकघराच्या खिडकीत काय ठेवायचं तेही ठरवलं होतं.

त्या रविवारी काका पायरीवर बसले नाहीत, आमच्या घरात आले. माझं लग्न त्यांनीच जमवत आणलं होतं. मुलाचे वडील त्यांच्याच खात्यातले. त्यामुळे काकांचं येणंजाणं रोजचंच होतं. त्यांनी कागद मांडला.

"वसंता, पेन्शन वीस हजार. विकायची आठ हजार. मिळतात सात लाख शहाऐंशी हजार. महिन्याला आठ हजार कापून हे पैसे फिटायला आठ वर्षं दोन महिने लागतात. सरकार कापणार पंधरा वर्षं. म्हणजे चौदा लाख चाळीस हजार. कळतंय?"

"कळतंय," आप्पा म्हणाले.

"विकणारा लवकर गेला तर तो फायद्यात, कारण त्याच्यामागे कापणं थांबतं. हा सौदा मरणाऱ्याच्या फायद्याचा आहे. तुझा बाप पंच्याऐंशीपर्यंत चालला, आई त्याच्याही पुढे. हरणीला भाड्यानं घर सहा हजारात मिळतं. आठ वाचव, सहा भर, दोन तुझे. आता तूच सांग, तुला जगायचंय ना?"

आप्पा जरा थांबले. मग म्हणाले, "जगायचंय तर."

काकांनी मान खाली घातली. "आणि काय लपवतोस?"

"काय लपवणार? काही नाही."

आई चहा घेऊन दारात उभी होती. काकांनी उत्तराखाली रेघ मारली. "वर्षभराची मुदत असते," जाताना म्हणाले. "मन बदललं तर अर्ज करता येतो."

आप्पांनी पेन्शन विकली नाही. चार महिन्यांनी माझं लग्न झालं. लग्नानंतर अकराव्या दिवशी सकाळी आप्पा दाढी करता करता खाली बसले, आणि दवाखान्यात न्यायच्या आधीच गेले.

आईला पेन्शन सुरू झाली. उपाशी राहायची वेळ नव्हती, पण घर नव्हतं. एकटी बाई भाड्याच्या घरात कशी राहणार म्हणून मामा तिला डभोईला घेऊन गेला. मामाचं घर चांगलं, माणसं चांगली, पण ती तिथे पाहुणीच राहिली. चहा करायचा तरी आधी मामीला विचारायची. मी भेटायला गेले की मला वाढताना तिचा हात आखडायचा, दुसऱ्याच्या घरचं ना ते. माझ्या आईला स्वतःची चूल पुन्हा कधी मिळाली नाही. हे सांगताना मला आजही संताप येतो. फक्त आता तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

तेव्हा बरोबर कळत होतं. तेराव्याच्या दिवशी काका आईच्या पेन्शनचे कागद पिशवीत घालून आले. सगळं त्यांनीच धावपळ करून केलं होतं. आणि मी, भरल्या घरात, चार माणसांसमोर, त्यांना म्हणाले, "काका, तुमच्या आकड्यांनी माझी आई रस्त्यावर आली. सात लाख शहाऐंशी हजार आज हातात असते. पुन्हा कुणाला हिशोब सांगू नका. तुम्हाला हात जोडते."

काका उभेच होते. आई भिंतीला टेकून बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला आणि खाली बघत राहिली. काकांनी आईकडे एकदा बघितलं. मग कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली. "बरोबर आहे तुझं," म्हणाले, कागद आईच्या पुढ्यात ठेवले आणि चपला घालून गेले.

त्यानंतर रविवारची ती पायरी बंद झाली. मला लोकांकडून कळायचं. कुणी विचारायला गेलं तर म्हणायचे, "मोबाइलमध्ये सगळं असतं आता." पुढे ते रिटायर झाले, प्रतापनगरलाच मागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहिले, काकू गेल्या. काकू गेल्या तेव्हाही मी गेले नाही. काय म्हणावं मला?

या वर्षी आई गेली. शेवटच्या आठवड्यात मी डभोईलाच होते. एका दुपारी पेज भरवत होते तर तिनं चमचा हातानं बाजूला केला आणि म्हणाली, "शिर्के भावजींना भेट. त्यांची काही चूक नव्हती."

मग हळूहळू सगळं सांगितलं. रिटायर व्हायच्या दोन महिने आधी आप्पांच्या छातीत दुखलं होतं. कुणाला न सांगता खासगी डॉक्टरकडे तपासणी केली. हृदयाच्या नळ्या बंद होत आल्या होत्या, डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं. आप्पांनी आईला शपथ घातली. पोरीचं लग्न होईपर्यंत हे बाहेर जाता कामा नये. मुलाकडच्यांना कळलं तर नको नको ते फाटे फुटतील.

"पण काकांना तरी सांगायचं!" मी म्हणाले.

"त्यांना कसं सांगणार? स्थळ त्यांनीच आणलेलं. मुलाच्या वडिलांनी विचारलं असतं, शिर्के, घरात काही आजार वगैरे? तर भावजी खोटं बोलले असते का? तुझे आप्पा म्हणाले, लग्न होऊ दे, मग सांगतो त्याला सगळं आणि पेन्शन विकायचा अर्ज टाकतो. वर्ष आहे हातात." मग म्हणाली, "त्या दिवशी तू बोलत होतीस तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं मी."

म्हणजे माझ्यासाठी. सगळं माझ्या लग्नासाठी चाललं होतं, आणि मी मेंदीच्या हातांनी उभी राहून दुसऱ्याच माणसाला फाशी दिली. मी आईला उरलेली पेज भरवली. ती दोन दिवसांनी गेली.

तिचे दिवस आटोपल्यावर, महिना उलटला तरी, पाय उचलत नव्हता. शेवटी एका सकाळी रिक्षा केली आणि प्रतापनगरला गेले. काकांनी दार उघडलं. कान मोकळा होता, पेन्सिल नव्हती. "ये मीने," म्हणाले, जणू मी कालच येऊन गेले होते. स्वतःच आधण ठेवलं, साखर चमच्यानं सपाट करून मोजून घातली.

"काका, आई गेली."

"माहीत आहे. दहाव्याला डभोईला येऊन गेलो. लांब उभा होतो. तू कामात होतीस."

"जाताना सगळं सांगून गेली."

त्यांचा अंगठा पेरांवर फिरता फिरता थांबला. खरोखर चिडले. "कशाला सांगितलं वहिनींनी? काही गरज होती का?"

"तुम्हाला आधीच माहीत होतं?"

काकांनी मान खाली घातली. मी त्यांना ओळखून होते. आणि माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच. "काका," मी म्हणाले, "आणि काय लपवता?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, कपाटातून एक फाइल काढली, फाइलमधून घडी घातलेला एक कागद. आप्पांच्या नावाचा तपासणीचा रिपोर्ट. पेन्शनच्या कागदांसाठी आप्पांची ट्रंक उघडली तेव्हा तिसऱ्याच दिवशी तो त्यांच्या हाती लागला होता.

"म्हणजे मी तुम्हाला नको ते बोलले तेव्हा हा तुमच्या पिशवीत होता?"

"होता."

"मग माझ्या तोंडावर का नाही फेकलात?"

"तुझ्या हातावरची मेंदी पुरती गेली नव्हती, मीने. तारीख बघून तू लगेच ओळखलं असतंस, कुणासाठी लपवलं ते. तुझं डोकं काही वाईट नाही. मीच शिकवलंय."

मला रडू आवरेना. "मग तुमची चूक नव्हतीच काका. तुम्ही का बंद केलंत सगळं?"

"होती ना चूक. जन्मभर तिसरा प्रश्न मी मान खाली घालून विचारला. समोरच्याला लाज वाटू नये म्हणून. वसंताला विचारताना वर बघितलं असतं तर दिसलं असतं. वहिनींच्या हातात कपबशी वाजत होती, मीने. मी ऐकली. ऐकून सोडून दिली."

मी कागद उलटा केला. पाठीवर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. चार उभ्या, पाचवी आडवी. पान भरून.

"हे काय?"

"वसंताचे महिने. दर महिन्याला पेन्शन जमा झाली की एक मारत होतो. परवा एकतीस तारखेला अठ्ठ्याण्णव झाले. आठ वर्षं दोन महिने." ते कागदावर हात ठेवून बसले. "आता इथून पुढे तो फायद्यात असता. हिशोब बरोबर होता गं. फक्त तो पाहिजे होता."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. काका अवघडले, म्हणाले, "ऊठ, ऊठ. चहावर साय धरली."

चहा पिऊन झाल्यावर मी पर्समधून कागद काढले. "काका, हरणीला फ्लॅट घेतोय आम्ही. दोन खोल्या. आईसाठी घ्यायचा होता, पण आता उशीर झाला. बँक वीस वर्षांचं कर्ज देते. झेपेल का ते बघून द्या."

"मोबाइलमध्ये असतं आता," ते म्हणाले.

"मला तुमच्याकडून पाहिजे."

मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, उलटं केलं, आणि पेन्सिल शोधू लागले. मीच दिली.

"किती येतात?"

मी सांगितलं. माझे, नवऱ्याचे.

"किती जातात?"

तेही सांगितलं. त्यांनी आकडे मांडले. अक्षर हललं होतं, पण आकडे एकाखाली एक होते. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, मान वर केली आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. इतक्या वर्षांत प्रथमच. तिसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही, नुसते बघत राहिले.

"काही नाही काका," मी म्हणाले. "खरंच काही नाही."

तरी त्यांनी नजर काढली नाही. माझा चेहरा, माझे हात, मांडीवरची पर्स, सगळं बघून घेतलं. मग खाली बघून उत्तर लिहिलं. "अंदाजे झेपेल. पण वीस नको, पंधरा वर्षांचं घे."

ते मला सोडायला गल्लीपर्यंत आले. रिक्षावाल्यानं शंभर सांगितले, काकांनी ऐंशीवर आणले. मी बसले. कोपऱ्यावर रिक्षा वळताना मागे पाहिलं तर ते तिथेच उभे होते, दोन्ही हात सरळ खाली सोडलेले, अंगठा पेरांवर नव्हता. माझ्याकडेच बघत होते.